अपुइया गेला. आता छांगतेही गेला तर मुंबई सिटीचं काय?

आझादनगर_गेट | २८ जुलै २०२४, रात्री ११:१०

मे महिन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून आपण फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा कप आणला, आणि जुलै संपायच्या आत निम्मी टीम दुसऱ्यांच्या घरी नांदायला गेली. डियाझ, नोगेरा आणि कॅप्टन भेके बेंगळुरूला. आपला मिडफिल्डर अपुइया तर थेट मोहन बागानला! ज्यांच्या अंगणात जाऊन कप उचलला, त्यांच्याकडेच. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र एकच पालुपद चालू आहे: "छांगते आहे ना, मग टेन्शन नको." आणि त्याला जोडून, "तो गेला की क्लबला कुलूप."

दोन्ही पटत नाही, म्हणून हा धागा. छांगते जाणार अशी बातमी माझ्याकडे नाही, उगाच कोणी फॉरवर्ड करू नका. गेला तर काय, एवढंच.

आपला विंगर छांगते स्टार आहे यात वाद नाही. एप्रिलमधली गोव्यातली सेमीफायनल आठवा. नव्वदावं मिनिट उजाडेपर्यंत ०-२. मी लॅपटॉप मिटवून भांडी घासायला उठलो होतो. छांगते, मग विक्रम प्रताप, मग परत छांगते, आणि ३-२. बायकोने आतून विचारलं, काय फुटलं? काही फुटलं नव्हतं, मी ओरडलो होतो.

पण या क्लबचा इतिहास काढून बघा. २०२०-२१ मध्ये कोच लोबेराच्या हाताखाली शील्ड (साखळीत पहिलं आल्याची) आणि कप (प्लेऑफनंतरच्या फायनलचा) दोन्ही जिंकलं. लगेच लोबेरा गेला, बूमूस कोलकात्याला गेला, ओग्बेचे हैदराबादला. पुढच्या मोसमात आपण पाचवे, प्लेऑफच्या बाहेर. ओग्बेचेने तिकडे १८ गोल मारले आणि हैदराबादने कप नेला. तेव्हाही लोक म्हणाले, संपलं. त्याच्या पुढच्या वर्षी नव्या कोच बकिंगहॅमच्या टीमने २० सामन्यांत ४६ गुण मिळवून शील्ड आणली. २०२३ मध्ये जाहू आणि फॉल ओडिशाला गेले. त्याच नोव्हेंबरात बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेला. जानेवारीत ग्रेग स्टुअर्टने भर मोसमात बॅग भरली. एका वर्षात कोच, प्लेमेकर, डिफेन्सचा आधार, सगळं गेलं. तरी शील्ड हुकली ती एका गुणाने, आणि कप आलाच.

मग यावेळी माझ्या पोटात गोळा का आलाय? कारण आतापर्यंत जे मोठे गेले ते बहुतेक परदेशी होते. परदेशी गेला तर जग मोठं आहे. जाहूच्या जागी फान नीफ सापडला. पण मैदानात एका वेळी परदेशी चारच, बाकीचे सात आपले. त्या सातांतला एक अस्सल माणूस गेला तर दुसरा कुठून आणणार? ज्या चार-पाच क्लबांकडे तसे आहेत ते सोडणार नाहीत.

आणि त्या सातांत सगळ्यात अस्सल अपुइया होता. छांगतेपेक्षाही. घ्या, म्हटलं.

गेल्या मोसमात अंधेरीच्या एका मॅचला मी मुद्दाम बॉल सोडून दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघत बसलो. सेंटर बॅककडे (मधल्या बचावपटूकडे) बॉल असताना हा आधी उजव्या खांद्यावरून मागे बघतो, मग डाव्या. दोन पावलं सरकतो, परत बघतो. बॉल येईपर्यंत त्याने मागचं सगळं टिपून घेतलेलं असतं. त्यामुळे बॉल घेतानाच शरीर अर्धं वळलेलं, आणि दुसऱ्या टचला पास गेलेलासुद्धा. शेजारचे काका विचारत होते, "हा काय सारखा मान हलवतोय, लचकलीय का?" दहा मिनिटांत त्याने एकदाही टाळ्या घेतल्या नाहीत. छांगतेला धावायला जी मोकळी जागा मिळते, ती तिथून येते.

तर माझा मुद्दा: छांगते गेला तर गोल कमी होतील, अपुइया गेला तर खेळ कमी होईल. बोला.

---

लाल_मफलर | २८ जुलै, ११:५२

लिव्हरपूलवाल्यांना विचारा. जानेवारी २०१८ मध्ये कुटिन्हो बार्सिलोनाला गेला तेव्हा मी आठवडाभर नीट जेवलो नव्हतो. पुढे काय झालं? गोलवर अॅलिसन आला, त्याआधीच फान डाइक आलेला होता, २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये तीस वर्षांनी लीग. स्टार विकावा, भोकं बुजवावीत. रडू नका.

---

क्रिकेटच_बरं | २९ जुलै, सकाळी ८:०५

मुंबईला फुटबॉल क्लब आहे?

---

लाल_मफलर | २९ जुलै, ८:०९

आहे. दोन शील्ड, दोन कप. तुमचा चहा झाला की या.

---

तिकीट_नेमारचं | २९ जुलै, ९:३०

लेख आवडला, निष्कर्ष नाही. शेवटी स्टार तो स्टार. (आयडीचा खुलासा: नोव्हेंबर २०२३, डी. वाय. पाटील स्टेडियम, समोर नेमारचा सौदी क्लब अल हिलाल. तिकीट नेमार बघायला काढलं, नेमार गुडघा धरून घरी, आणि मी नेरुळ स्टेशनवर ०-२ घेऊन उभा.)

रोनाल्डो गेल्यावर रेआल माद्रिदचं काय झालं आठवतंय? एका मोसमात तीन कोच, आणि आयाक्सने त्यांच्याच घरात चार घातले. मेस्सी गेल्यावर बार्सिलोना चॅम्पियन्स लीगच्या गटातूनच बाहेर. आता एम्बापे गेलाय, तर पॅरिसने चॅम्पियन्स लीग विसरावी. लिहून ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये मला दाखवा.

---

लाल_मफलर | २९ जुलै, ९:४१

लिहून ठेवलं.

आणि हॅरी केन? तो गेल्यावर टॉटनहॅम आठव्यावरून पाचव्या नंबरवर आलं. ज्या बायर्नकडे गेला त्यांना त्या मोसमात एक वाटीसुद्धा मिळाली नाही.

---

कूपरेजकाका | २९ जुलै, दुपारी ३:१५

तुम्ही पोरं युरोपात फिरून आलात, आता जरा चर्चगेटला उतरा.

मी कूपरेजवर लाकडी बाकांपासून मॅच बघतोय. रोव्हर्स कपाला मफतलाल, ओर्के यांच्या टीम असायच्या. गिरणी आणि कंपनी खेळाडूला नोकरी द्यायची, त्यामुळे तो सहसा हलत नसे. मोसमागणिक कपाट उचलून दुसऱ्याच्या घरी जायची पद्धत नव्हती. तेव्हा भीती वेगळी होती: खेळाडू राहायचा, टीमच जायची. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये मालकांनी टीम बंद केली. एका ओळीचं पत्रक, झालं. चांगले चांगले खेळाडू दुसरीकडे पांगले. स्टार गेला तर क्लबचं काय, हा प्रश्न विचारायला आधी क्लब असावा लागतो रे बाबांनो.

दुसरं उदाहरण जास्त बोचतं. मुंबई एफसी. नावाजलेला स्टार त्यांच्याकडे कधी नव्हताच. होता तो कोच, खालिद जमील. दरवर्षी हा माणूस तुटपुंज्या बजेटमध्ये टीम आय-लीगमध्ये तगवायचा. खेळ बघवत नसे, खरं सांगतो. ०-० बघून घरी येताना वाटायचं, त्यापेक्षा ओव्हलवर क्रिकेट बघितलं असतं. २०१६ मध्ये क्लबने त्याला काढलं. पुढच्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडली, आणि त्याच मोसमात तीच लीग जिंकली ऐझॉलने. कोच कोण? खालिद जमील. आपला जयेश राणेही त्या टीममध्ये होता.

तेव्हा आझादनगर, तुमच्या 'खेळ कमी होईल' ला माझा पाठिंबा. पण स्टार शोधताना फक्त अकरा जणांत शोधू नका.

---

आझादनगर_गेट | २९ जुलै, रात्री १०:२०

काका, दंडवत. खालिदचं हे दोन बाजूंनी एकाच वर्षात घडलं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

@लाल_मफलर, कुटिन्होचा दाखला इथे लागू होत नाही. तिकडे पैसे आले आणि बाजारात मालही होता. आपल्याकडे बऱ्याचदा करार संपला की खेळाडू फुकट जातो, आणि पैसे आलेच तर किती आले हे क्लब सांगत नाहीत. समजा पोतंभर आले. भारतीय डिफेन्सिव्ह मिडफिल्डर विकणारं दुकान दाखवा मला! टॉटनहॅमने बेल विकून सात जण घेतले होते, त्यातला एरिकसनच खरा कामाचा निघाला. युरोपच्या बाजारात सातात एक, तर आपल्या बाजारात किती?

---

वसईची_विंगर | ३० जुलै, दुपारी १:०५

मोठ्यांच्या गोष्टीत लहान तोंडी घास घेते.

आमची ऑफिसची मिक्स टीम आहे. दर रविवारी सकाळी टर्फवर. आमच्यात एकजण होता, सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. दहा नंबर, फ्री किक वगैरे सगळं त्याचंच. दोन वर्षांपूर्वी त्याला दुबईला नोकरी लागली. निरोपाला केक कापला. खरं सांगायचं तर आम्ही दोघी-तिघी मनात खूश होतो, की आता तरी आपल्याला पास मिळेल.

पहिले दोन रविवार आम्ही मस्त खेळलो, जिंकलोसुद्धा. तिसऱ्या रविवारी सात जण आले. चौथ्या रविवारी पाच, आणि टर्फचं बुकिंगच नाही. मग कळलं की शनिवारी रात्री हा माणूस अकरा जणांना अकरा फोन करायचा. कोणाचं बाळ आजारी, कोणाची सासू आलीय, सगळं त्याला पाठ. टर्फचे पैसे आधी स्वतः भरायचा आणि मग महिनाभर आमच्याकडून गोळा करत बसायचा. माझे अजून चारशे द्यायचे आहेत त्याला.

म्हणून विचारते, अपुइया-छांगते ड्रेसिंग रूममध्ये काय करतात हे आपल्याला कुठे दिसतं? मिझोरमची मुलं टीममध्ये असतात, घरापासून इतक्या लांब. त्यांच्यातला एक मोठा भाऊ निघून गेला तर बाकीच्यांचं काय होत असेल?

---

तिकीट_नेमारचं | ३० जुलै, १:२२

ताई, चारशे पाठवा आधी.

---

कूपरेजकाका | ३० जुलै, ४:४०

वसईकर, हा खरा प्रतिसाद. अपुइया ऐझॉलचा, छांगते लुंगलेईचा. आम्ही गोव्याचा पोरगा मुंबईत नोकरीला आला तरी डबा कोणाकडे लावला विचारायचो. आता विचारतं का कोणी?

---

दोन_पोरांचा_बाप | ३१ जुलै, रात्री ९:१५

मी वाचक. तुमच्यासारखं विश्लेषण जमत नाही. माझी अडचण वेगळी आहे.

लेक नऊ वर्षांची. मे महिन्यात कप जिंकल्यावर हट्ट करून आकाशी टी-शर्ट घेतला, आणि दुकानदाराने नाव कोणाचं विचारलं तर म्हणाली अपुइया. मी म्हटलं छांगते घाल, सगळे घालतात. तर म्हणे, "सगळे घालतात म्हणून नको." टी-शर्ट घेऊन तीन महिनेही झाले नाहीत. अजून तिला सांगितलेलं नाही. कसं सांगू?

---

लाल_मफलर | ३१ जुलै, ९:२८

माझ्या कपाटात कुटिन्होचा आहे. झोपताना घालतो.

---

मागच्या_बाकावरून | १ ऑगस्ट, दुपारी १२:३०

सगळे अपुइयासाठी गळा काढताय, भेकेसाठी कोणाला काही वाटत नाही? आपल्या मुंबईचा मुलगा. २०१९ ची फायनल अंधेरीतच झाली होती, बेंगळुरू विरुद्ध गोवा. एक्स्ट्रा टाइममध्ये, ११७ व्या मिनिटाला गोल कोणाचा? भेकेचा, आणि तोही बेंगळुरूकडून, आपल्या गावात. नंतर आपल्याकडे आला, एप्रिल २०२२ मध्ये आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध विजयी हेडर मारला. भारतीय क्लबचा त्या स्पर्धेतला पहिला विजय तो. आता परत बेंगळुरू. मुंबईच्या पोराला मुंबईत ठेवता येत नाही, आणि आपण मिझोरमच्या पोराकडून निष्ठा मागतोय.

---

आझादनगर_गेट | १ ऑगस्ट, ११:०५

हे लागलं. भेकेवर वेगळा धागा काढायला हवा, काढाच तुम्ही.

निष्ठा मी मागत नाहीये मात्र. खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची. त्याला जिथे जास्त मिळतं तिथे त्याने जावं. माझी तक्रार क्लबशी आहे: चार जण जाणार हे करार बघून आधी कळायला हवं होतं.

---

मागच्या_बाकावरून | १४ सप्टेंबर २०२४, सकाळी ७:५०

धागा वर काढतोय. काल पहिलीच मॅच, पुन्हा सॉल्ट लेक, पुन्हा मोहन बागान. ०-२ ने मागे होतो, शेवटी २-२! आधी आपल्या तिरीने स्वतःच्या गोलमध्ये घातला, मग समोरच्या गोलमध्ये. नव्वदाव्या मिनिटाला क्रूमा. आझादनगर, पोटातला गोळा गेला का?

---

आझादनगर_गेट | १४ सप्टेंबर, ८:३०

गोळा तिथेच आहे. दोन्ही गोल सेंटर बॅकनी मारले, ही काय खुशीची गोष्ट आहे का?

---

क्रिकेटच_बरं | ३० मार्च २०२५, सकाळी ९:००

५-०. चहा झाला माझा.

---

लाल_मफलर | ३० मार्च, ९:०४

याला कोणी आठवण करून दिली?

---

आझादनगर_गेट | ३० मार्च, रात्री १०:४०

काल रात्रभर काही लिहावंसं वाटलं नाही.

२४ सामन्यांत ३६ गुण, सहावा नंबर. तोही शेवटच्या मॅचला बेंगळुरूला त्यांच्याच कांतीरवा स्टेडियमवर २-० हरवून मिळवलेला. त्या दिवशी छांगतेने गोल मारला तेव्हा मला वाटलं, चला, जुलैमध्ये मी जास्तच बोललो. अठरा दिवसांनी त्याच मैदानावर त्याच टीमने पाच घातले. समोर आपलाच डियाझ, आणि पाचवा गोल त्याचाच.

मी बरोबर होतो असं मिरवायला आलेलो नाही. पाच गोल एका माणसाच्या नसण्याने होत नाहीत, कालची बचाव फळी कोणाच्याही नसण्याशिवाय वाईट खेळली. पण पूर्ण मोसम बघताना एक गोष्ट परत परत दिसली. फान नीफ तोच, गेल्या वर्षीचाच. गेल्या वर्षी त्याच्या शेजारी अपुइया असायचा, त्यामुळे एक पुढे गेला की दुसरा मागे थांबायचा. यंदा ब्रँडन आला, तोराल आला. दोघेही हुशार, पण दोघांनाही बॉल पुढे जाऊन पायात हवा असतो. मागून आणून देणारा कोण? मग सेंटर बॅक लांब मारायचा, छांगते दोन जणांच्या मध्ये उडी मारायचा, आणि आमच्या स्टँडमधून शिव्या छांगतेला. तो गेला नाही, इथेच होता. गेल्यासारखा दिसत होता, कारण त्याच्यापर्यंत बॉलच येत नव्हता.

---

कूपरेजकाका | ३१ मार्च, दुपारी २:१०

बरोबर. फक्त एक दुरुस्ती. एक गेला असता तर कोच क्रात्कीने काहीतरी जमवलं असतं. चार एकदम गेले. भिंतीतली एक वीट काढली तर पोपडा पडतो, चार काढल्या तर... असो. दमा थोडं. अजून क्लब आहे, मैदान आहे. आम्ही याहून वाईट बघितलंय.

---

वसईची_विंगर | ८ एप्रिल, सकाळी ८:२०

काल जमशेदपूरविरुद्धची सेमीफायनल बघितली का कोणी? भरपाई वेळेत, बॉक्सच्या बाहेरून, आणि मोहन बागान फायनलला. गोल कोणाचा ते लिहीत नाही, आझादनगरना त्रास होईल.

---

आझादनगर_गेट | ८ एप्रिल, ८:४५

बघितली. उठून उभा राहिलो होतो. मग आठवलं आणि बसलो.

---

लाल_मफलर | १ जून २०२५, सकाळी ६:१५

@तिकीट_नेमारचं, "पॅरिसने चॅम्पियन्स लीग विसरावी. लिहून ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये मला दाखवा." जून लागला. म्युनिकमध्ये काल रात्री इंटरला ५-०. पॅरिसचा पहिलावहिला चॅम्पियन्स लीग कप, आणि तोही एम्बापेशिवाय. दाखवतोय.

---

तिकीट_नेमारचं | १ जून, दुपारी १२:००

आत्ता उठलो. मान्य. पूर्ण मान्य. डेम्बेले गोलकीपरच्या अंगावर धावून जातोय हे एम्बापे असताना कोणी बघितलं होतं का? एक जण पळत नाही म्हणून बाकीचे नऊ त्याच्या वाटचं पळायचे, ते ओझं उतरलं. म्हणजे स्टार गेला की काय होतं, याचं उत्तर तो असताना बाकीचे काय करत होते त्यावर. छांगतेला हे लागू नाही, तो स्वतः पळतो. अपुइयाला तर त्याहून नाही.

आयडी बदलायला देतात का इथे?

---

वसईची_विंगर | १ जून, १२:३०

बदलू नका. @दोन_पोरांचा_बाप, लेकीला सांगितलंत का शेवटी?

---

दोन_पोरांचा_बाप | १ जून, रात्री ८:५०

तिला आधीच माहीत होतं. शाळेत एका मुलाने सांगितलं होतं, ऑगस्टमध्येच. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही म्हणे.

त्या सेमीफायनलच्या रात्री झोपायला पाठवलं होतं, तर दाराच्या फटीतून बघत होती. गोल झाल्यावर ओरडली, "आपला अपुइया!" मी म्हटलं, आपला नाही गं आता. म्हणाली, "टी-शर्ट तर आपल्याकडे आहे."

---

लाल_मफलर | १ जून, ८:५८

अजून बसतो तिला?

---

दोन_पोरांचा_बाप | १ जून, ९:०२

नाही. धाकट्याला दिलाय. गुडघ्यापर्यंत येतो.